वाऱ्याच्या बाजूला

सायकलच्या शर्यतीत पगार घेऊन हरणारी माणसं असतात, हे मला सव्विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी ते पत्रक तसं लिहिलं नसतं, आणि आमच्या रस्त्यावरची सायकल लेन कदाचित आज जागेवर असती.

लेन म्हणजे काय, तर डांबरावर एक पांढरी रेघ आणि तिच्यावर मांडीएवढ्या उंचीचे प्लास्टिकचे खांब. कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, ट्रायल म्हणून बसवलेले. आमच्या या इंग्लिश उपनगरातले लोक त्या खांबांबद्दल असे बोलत, की जणू कुणी त्यांच्या दिवाणखान्यात गटार खणलंय. पार्किंग गेलं, धंदा बसला, ॲम्ब्युलन्स अडकते. जन्मात ज्यांनी ॲम्ब्युलन्सला वाट दिली नसेल, त्यांना एकाएकी पेशंटांचा कळवळा.

माझ्या आईला ती लेन हवी होती. आई हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट. शिफ्ट सकाळी सातची, आणि बस येईल तेव्हा येणार. चोपन्नाव्या वर्षी ती सायकल शिकली आणि लेनमधून वीस मिनिटांत वॉर्डवर पोचायला लागली. सायकलवरून आली की ती वेगळीच दिसायची, कुणाचं काही ऐकून न घेतल्यासारखी. लेन गेली तर सायकल बंद, हे तिनं सांगून टाकलं होतं. "लॉरीला खेटून मी जाणार नाही. मला म्हातारी व्हायचंय."

तिला शिकवलं एका बास्क माणसानं. बास्क म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतले लोक. त्याला स्पॅनिश म्हटलं की तो हातातला चहा खाली ठेवायचा. अकरा वर्षं प्रोफेशनल सायकलिंग करून निवृत्त झालेला. बायको इथल्या शाळेत शिकवते म्हणून इथं आला. आम्ही रविवारी बुद्धवंदनेसाठी जो हॉल भाड्यानं घेतो, त्याच्या मागच्या शेडमध्ये तो सायकली दुरुस्त करायचा. वंदना संपली की कार पार्कमध्ये आमच्या बायकांना शिकवायचा. बायका त्याला भाऊ म्हणत, आणि तो सगळ्यांना ताई म्हणे. मलाही. बाकी आमचं सगळं बोलणं इंग्रजीत.

शनिवारी त्याच्या शेडवर सायकल क्लबवाले येत. डेंटिस्ट, बँकवाले, माझ्या वयाच्या दुप्पट आणि चड्ड्या माझ्या मापाच्या. गाडीच्या किमतीची सायकल आणि त्यावरून कॅफेपर्यंत जाणं, हा त्यांचा पराक्रम. त्याच्याबरोबर फोटो काढायचे, पाठीवर थाप मारायचे. लेन वाचवायला सही करा म्हटलं तर एक जण म्हणाला, "आम्हाला लेन लागत नाही, आम्ही ट्रॅफिकच्या स्पीडनं जातो." माझी आई जात नाही, म्हटलं. त्यानं हेल्मेट घातलं.

तर पत्रक. मँचेस्टरला शिकत असताना भाडेवाढीविरुद्धच्या आंदोलनात मी पत्रकं लिहायला शिकले, आणि तिथला नियम एकच: मथळा आधी, बाकी मागून. शेडच्या भिंतीवर त्याचा एक फोटो होता. पावसात भिजलेला, फिनिश लाइनवर, दोन्ही हात आकाशात. मला आणखी काय हवं होतं? मी मथळा दिला, "युरोपचा चॅम्पियन म्हणतो: लेन ठेवा." त्याला विचारलंसुद्धा नाही. तीन संध्याकाळी फिरून घरोघर टाकलं.

लेन ठेवायची की काढायची यावर कौन्सिल मत देणार होती, त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यानं पत्रक माझ्यासमोर धरलं.

"ताई, हा चॅम्पियन कोण?"

"तुम्ही. हात वर केलेत की."

"आमचा लीडर जिंकला होता. माझ्या बारा मिनिटं आधी. तो जिंकला की आम्ही हात वर करतो. ते आमच्यात असतं."

मग त्यानं सांगितलं, आणि मी ऐकत गेले तशी माझी तिडीक वाढत गेली. टीममध्ये एक लीडर, बाकीचे त्याचे नोकर. मागे टीमच्या गाडीपर्यंत जायचं, जर्सीत आठ बाटल्या कोंबायच्या आणि पुन्हा पुढे येऊन लीडरला पाणी द्यायचं. त्याला वारा लागू नये म्हणून वाऱ्याच्या बाजूनं आपण चालवायचं. अकरा वर्षांत स्वतःचा विजय एकही नाही. एकदा त्याच्या स्वतःच्या गावच्या चढावर तो पुढे निघाला होता, अख्खं गाव रस्त्यावर, आणि कानातल्या रेडिओवर हुकूम आला: थांब. मागे लीडरचं चाक पंक्चर झालं होतं. हा थांबला. पाय टेकून उभा राहिला, आणि लीडर आल्यावर स्वतःचं चाक काढून दिलं.

"तुमच्या आईसमोर?"

"हो. तिनं ऑम्लेट आणलं होतं. दुसरं चाक येईपर्यंत अर्धं खाल्लं."

आमच्या माणसांनी पाण्यासाठी काय सोसलं ते ऐकत मी वाढले. दुसऱ्याला पाणी नेऊन देण्यात जन्म घालवायचा आणि वर हसत सांगायचं, हे माझ्या डोक्यात बसेना. मी तोंडावर म्हटलं, "ही गुलामी आहे. आणि तुम्हाला तिची लाजही नाही."

"लीडर हलकट होता," तो म्हणाला. "कधी थँक्यू म्हटलं नाही. पण पत्रक खोटं आहे. बदल."

"छापून, वाटून झालंय. कोण विचारतंय?"

विचारलं. भर मीटिंगमध्ये. इस्टेट एजंटकीतून रिटायर झालेला एक कौन्सिलर, त्याच्या हातात माझं पत्रक, वाचायचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "आपण काय काय जिंकलात, सर?"

मी मान खाली घातली. शेजारी आई युनिफॉर्ममध्येच बसली होती.

"काही नाही," तो उभा राहून म्हणाला. "मी मदतनीस होतो. पाणी आणायचो, वारा अडवायचो. डोंगरावरून तासाला ऐंशी किलोमीटरच्या वेगानं उतरलोय. पण तुमच्या या रस्त्यावर खांब नसताना मला भीती वाटायची."

प्रेक्षकांतून कुणीतरी खिदळलं. त्या शेवटच्या वाक्याचं कुणालाच काही वाटलं नाही. कौन्सिलरनं चष्मा काढला. "मदतनिसाचा चॅम्पियन होतो, तर या पत्रकातलं दुसरं काय खरं धरायचं?" शाळेतल्या मुलांचं, वॉर्डवरच्या बायकांचं, सगळं खरंच होतं त्यात. पण ते खोटं ठरवायची सोय मीच करून दिली होती. एका मतानं लेन गेली. एका मतानं. त्या लोकांबद्दल मला आदर नव्हताच. त्या दिवसापासून स्वतःबद्दलही जरा कमी आहे.

बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली, "अगं, विचारायचं होतंस त्यांना." आणि बस स्टॉपकडे चालायला लागली.

पुढच्या आठवड्यात दोन माणसं येऊन खांब उचकटून घेऊन गेली. आईनं सायकलवर जुनी चादर टाकली. सोमवारी सकाळी सव्वासहाला बेल वाजली. दारात तो, हेल्मेट घालून, सायकल धरून.

"ताई, चला. माझ्या मागे नाही. माझ्या डावीकडे."

आई नको नको म्हणाली, मग चादर काढली. मी मागून माझी सायकल घेऊन निघाले, निव्वळ बघायला. तो ट्रॅफिकच्या बाजूनं, आई फुटपाथच्या बाजूनं. व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता, शिव्या घालत होता. हा माणूस आपली रेघ वीतभरही सोडत नव्हता. अकरा वर्षांचं काम, मी ज्याला लाज म्हटलं होतं ते, माझ्यासमोर चाललं होतं, आणि त्याच्या आडोशाला माझी आई आरामात पायडल मारत होती. हॉस्पिटलच्या गेटशी तिनं त्याला थँक्यू म्हटलं. तो क्षणभर गोंधळला.

लीडरचा नोकर होणं मला अजूनही गुलामीच वाटतं. त्यालाही मी ते सांगते. नवं पत्रक लिहितेय. छापायच्या आधी त्याला वाचून दाखवणार आहे. त्याचा गुडघा दुखतो, म्हणून मंगळवार आणि गुरुवार माझ्याकडे आले. मी आईच्या उजवीकडून चालवते. मागून हॉर्न वाजला की माझं हँडल आपोआप आत वळतं, आणि आई पुढे बघतच म्हणते, "सरकू नकोस गं."