बाराव्या गड्डीचे आकडे

गेल्या महिन्याच्या सात तारखेला, बुधवारी, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर कळंबच्या कब्रस्तानात गफूर पेंटर यांना माती दिली. आम्ही त्रेचाळीस जण होतो. मी मोजले, जमीन मोजणीच्या खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची ती खोड जात नाही. त्यांतले सतरा दुकानदार असे, की ज्यांच्या दुकानावरची पाटी गफूरभाईंच्या हातची आहे. लाह्यांचे व्यापारी चंपालालशेटही काठी टेकत आले होते. गफूरभाईंच्या मागं पत्नी, बेंबळीला दिलेली मुलगी शमीम, नऊ ब्रश आणि तीनशे साठ चित्रं राहिली. त्या तीनशे साठांतल्या तीस चित्रांबद्दल मला काही सांगायचं आहे. ते दहा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं...

आपला जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. चंपालालशेट व्यापाराच्या कामानं मुंबईला गेले आणि तिथल्या सिनेमागृहात, खेळ सुरू होण्याआधी, कुठल्याशा परदेशी खाऊच्या जाहिरातीत नाचणारं अस्वल पाहून आले. अस्वल चित्रातलं, पण हालत होतं. शेटजी ज्वारीच्या लाह्या कागदी पुड्यांत भरून नुकत्याच विकू लागले होते, 'दुधात टाकून खा' असं पुडीवर छापून. आल्या आल्या त्यांनी गफूरभाईंना बोलावून घेतलं. "पेंटर, आपल्या लाह्यांचं असं हालतं चित्र पाहिजे. नवरात्रात तुळजापूरला तंबूचा सिनेमा येतो, तिथं दाखवू. जमलं तर आणखी अकरा करू. अन् लाहीच्या डोक्यावर राजाचा मुकुट घाला." गफूरभाई पाट्या, पेट्या आणि सिनेमात दाखवायच्या जाहिरातींच्या काचा रंगवत, हालतं चित्र त्यांनी जन्मात केलं नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "शेटजी, ज्वारीच्या डोक्यावर मुकुट कुणी पाहिलाय? दाणा फुटला की त्याचा फेटाच होतो. जरा बघा तरी." शेटजींनी पुडीतली एक लाही हातावर घेऊन निरखली आणि हसले. त्या घटकेला लाहीराव जन्मला. बोडक्या डोक्याचा, मिशीवाला, लालसर ज्वारीचा दाणा. फुटला की डोक्यावर पांढराशुभ्र फेटा.

चित्रांचा हिशेब फिल्म तयार करणाऱ्या कोल्हापूरच्या एका स्टुडिओतून पत्रानं आला आणि गफूरभाई ते पत्र घेऊन माझ्याकडं आले, कारण आमची रोजची ऊठबस होती. सेकंदाला बारा चित्रं, प्रत्येक चित्राचे दोन फोटो. अर्ध्या मिनिटाला तीनशे साठ चित्रं. मी त्यांना आमच्या कचेरीतली नकाशे उतरवायची रीत दाखवली: काचेखाली दिवा, काचेवर पातळ ट्रेसिंगचा कागद. त्यांनी जुन्या खिडकीची काच एका खोक्यावर बसवली आणि कामाला लागले. तीस कागद झाले की कडेला दोरा ओवून गड्डी बांधायची. अशा बारा गड्ड्या.

पण काढायला बसण्याआधी दोन दिवस ते भडभुंज्याच्या भट्टीपाशी नुसते बसून होते. मला घड्याळ घेऊन शेजारी बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मोजणीसाब, दाणा एकदम फुटत न्हाई. आधी थरथरतो, मग कुशीवर वळतो, मग एक घडीभर अगदी गप. दम धरतो. मग फुटतो." ते दम धरणं त्यांनी चौदा चित्रांत काढलं. चौदा चित्रांत जवळजवळ काहीच हालत नाही. मी म्हटलं, चौदा कागद फुकट गेले. "तुम्ही चुलीतला धूरबी मोजाल," ते म्हणाले. "त्या चौदांशिवाय पंधराव्याला कोण बघंल?" पुढं तंबूत मी पाहिलं. त्या सव्वा सेकंदात अख्खा तंबू श्वास रोखून होता.

आता बाराव्या गड्डीचं. गफूरभाई निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांची गड्डी उर्दू किताबासारखी उजवीकडून सुरू होणारी, दोरा उजव्या कडेला. चित्रांवर ते आकडे घालत नसत. क्रम त्यांच्या हातात असे. स्टुडिओला आकडे हवे होते आणि ते घालायचं काम मी मागून घेतलं होतं. अकरा गड्ड्यांना ते शेजारी होते, दोरा सैल करून पहिला कागद वर ठेवून माझ्यापुढं सरकवत. बाराव्या गड्डीच्या वेळी ते नमाजाला गेले होते आणि बार्शीची मोटार सुटायला थोडाच वेळ उरला होता. मी सवयीनं गड्डी पालथी केली, मराठी वहीसारखा दोरा डाव्या हाताला घेतला आणि तीनशे एकतीसपासून आकडे टाकत गेलो. पातळ कागद, चित्र दोन्हीकडून सारखंच दिसतं. मी तीस वेळा आकडा बघितला. चित्र एकदाही बघितलं नाही. मग सगळ्या गड्ड्या बांधून मीच मोटारीत कोल्हापूरचं पार्सल चढवलं.

फिल्म तयार होऊन थेट तुळजापूरला आली. आधी कुणीच पाहिली नव्हती. तंबूत पुढं गादीवर शेटजींचं कुटुंब, मागं आम्ही दोघं. फिल्मला आवाज नव्हता, तंबूवाला भोंग्यावरून बोलायचा. दाणा थरथरला, दम धरला, फुटला. फेट्यासकट लाहीरावानं मुजरा केला तेव्हा टाळ्या पडल्या. तो धावत जाऊन दुधाच्या वाटीत उतरला. शेवटी वाटीतून उडी मारून त्यानं पोराच्या तोंडात जायचं होतं. भोंगा ओरडला, "खा, लाहीरावाच्या लाह्या खा!" आणि पडद्यावर हसऱ्या पोरानं तोंड उघडून लाहीरावाला वाटीत थुंकून टाकलं.

"आगं बया, थुकलं की पोरगं!" बायकांतून कुणीतरी म्हणालं. एक जण ओरडला, "शेट, लाह्या खवट हायत का वो?" हसून हसून तंबू हालत होता. मला मात्र क्षणात कळलं, बाराव्या गड्डीचे आकडे मी उलट्या टोकापासून टाकले होते.

बाहेर शेटजींनी आम्हाला गाठलं. "पेंटर, माझा माल थुकलेला दाखवला? ते बी देवीच्या दारात?" मी तोंड उघडणार, तोच गफूरभाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. "हात माझा चुकला, शेटजी. मी सुधारून आणतो." आणि मी... मी गप्प बसलो.

परतताना मोटारीत मी म्हटलं, "गफूरभाई, आकडे माझे होते."

"मालूम है. तुमचं अक्षर मी ओळखत न्हाई का?"

"मग तुम्ही का घेतलं अंगावर?"

"रंगवाल्याचं चुकलं तर लोक हसतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. मोजणीवाल्याचं चुकलं असं एकदा बाजारात झालं, तर तुमच्या मोजणीच्या साखळीवर कोण भरवसा ठेवंल? बांधावर भांडणं लागतील, साब. त्यापेक्षा हे बरं."

ते स्वतः कोल्हापूरला गेले. कॅमेऱ्याशेजारी बसून ते तीस कागद एकेक करून हातानं दिले. दुरुस्तीचा खर्च शेटजींनी त्यांच्या मेहनतान्यातून कापला. सुधारलेली फिल्म कळंबला दोन हंगाम चालली, पोरं कागदाचे फेटे घालून मुजरे करत गल्लीबोळांत फिरली, पण उरलेल्या अकरा फिल्मा शेटजींनी कधीच करायला सांगितल्या नाहीत. गफूरभाई पाट्यांकडं परत गेले. त्यांच्याइतकी स्थिर रेघ मी आमच्या खात्यातही पाहिली नाही. त्यांनी त्या अकरांचा विषय एकदाही काढला नाही, आणि मीही काढला नाही. त्यांच्या शांतपणाचा मी फायदा घेतला, असंच म्हणावं लागेल.

माती दिल्यावर कब्रस्तानाच्या फाटकापाशी मी शेटजींना गाठून सगळं सांगितलं. "मग तवा का न्हाय बोललात?" त्यांनी विचारलं.

चार दिवसांनी गफूरभाईंच्या घरी गेलो. खोक्यावरची खिडकीची काच अजून जागेवर होती, दिव्याच्या काजळीसकट. शमीमलाही मी सांगितलं. तिनं फळीवरून बारावी गड्डी काढली. कडा अंगठ्यानं झिजून काळ्या झालेल्या. "अब्बांनी मला ही खेळायला दिली होती," ती म्हणाली आणि दोरा उजव्या हातात धरून तिनं कागद भरभर सोडले. लाहीराव वाटीतून उडाला आणि नीट पोराच्या तोंडात गेला. मागच्या बाजूला माझे आकडे जसेच्या तसे होते. एकही खोडलेला नव्हता.

"शमीम, तुझ्या अब्बांचं माझ्याकडं फार राहिलंय," मी म्हटलं आणि खिशाकडं हात नेला.

"पैसे नकोत, चाचा. पुढच्या बाजूला आकडे न्हाईत. ते घालून द्या. पण या वेळी चित्र बघून."

मी त्या काचेपाशी बसलो. प्रत्येक चित्र बघितलं, मगच आकडा टाकला. दोन तास लागले. तीनशे एकतीस ते तीनशे साठ, एकूण तीस आकडे, गफूरभाईंच्या मुलीच्या हातात दिले.