सत्तावीस मिनिटं

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, दिंडोरी रस्त्यावर, अक्राळे फाट्याच्या अलीकडे. घरून निघून सत्तावीस मिनिटं झाली होती. इंजिनाने दोन-तीन गचके दिले आणि ते थांबलं. पंधरा मिनिटांनी काहीच झालं नसल्यासारखं पुन्हा सुरू झालं. गुरुवारी गाडी सव्विसाव्या मिनिटाला बंद पडली, रविवारी अठ्ठाविसाव्या.

गाडी विलायती बनावटीची, लाल, उघड्या टपाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बायको होती तोवर आम्ही या गाडीतून दर दोन-तीन महिन्यांनी कळवणला, तिच्या माहेरी जात असू. बायको गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. त्या वर्षात गाडी कॉलेज रोडपलीकडे गेली नव्हती.

कळवणला जायचं कारण होतं. घरातलं माणूस गेलं की सोयरे मागे राहिलेल्याला बोलावून जेवू घालतात, टोपी-उपरणं देतात आणि दुखवटा काढतात. माझा दुखवटा राहिला होता. मेहुण्यांचे चार फोन येऊन गेले होते, चारही वेळा मी कामाचं कारण सांगितलं. निवृत्त माणसाला कसलं काम, हे त्यांनी विचारलं नाही. पाचव्या फोनला त्यांनी पुढच्या महिन्यातला एक रविवार सांगून टाकला.

"दाजी, एसटीनं या. स्टँडवर घ्यायला येतो."

"गाडीने येईन."

"ती येईल का?"

"नाही आली तर विकून टाकेन."

हे मी बोलून गेलो आणि मग ते ठरल्यासारखं झालं. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दोन वर्षांपासून गाडी मागत होते. त्यांना सांगितलं, रविवारनंतर कळवतो. मग गाडी एवढं चालते का ते पाहायला ती सकाळी दिंडोरी रस्त्यावर काढू लागलो.

द्वारका चौकाजवळ एका मिस्तरीचं गॅरेज आहे. वय पासष्टच्या पुढे. कार्ब्युरेटरची गाडी दिसली की हातातलं काम टाकून येणारा शहरात माझ्या माहितीत तो एकच. मी त्याला वेळांची नोंद दाखवली. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढल्यामुळे वेळ लिहून ठेवायची सवय आहे. त्याने वही लांब धरून वाचली.

"काका, गाडी हाय का रेल्वे? मनमाडहून सुटल्यावानी टायमाला बंद पडते."

त्याने आधी प्लग काढून ठिणगी पाहिली. ती चांगली होती. मग माझ्याबरोबर अक्राळ्यापर्यंत आला. गाडी बंद पडल्यावर त्याने तिथेच कार्ब्युरेटरची वाटी उघडली. वाटी कोरडी होती. म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत येतच नव्हतं. का येत नव्हतं, ते शोधायला पुढचे बारा दिवस गेले.

पंपाचा पडदा बदलला, फरक पडला नाही. फिल्टर बदलला, नळीतून कॉम्प्रेसरची हवा मारली. पेट्रोलची नळीत वाफ होत असेल म्हणून पंपावर ओलं फडकं बांधून पाहिलं. सत्तावीस मिनिटं. मग त्याने उघड्या बॉनेटला पेट्रोलची बाटली टांगली आणि तिची नळी थेट पंपाला जोडली. गॅरेजसमोर इंजिन दोन तास न थांबता चाललं. दोष पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला होता, हे त्या दिवशी सिद्ध झालं. टाकी उतरवून धुतली. तळाशी चमचाभर गंज निघाला. दुसऱ्या दिवशी गाडी अठ्ठाविसाव्या मिनिटाला बंद पडली.

या फेऱ्या बहुतेक मी एकटाच करत होतो. शेजारच्या सीटवर वही आणि पाण्याची बाटली. बंद पडल्यावर पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेला बसायचं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, तोडणी चालू होती. क्रेट भरणाऱ्या बायका लांबून पाहत आणि पुन्हा कामाला लागत. परतताना गाडी आणखी लवकर बंद पडे, घरी पोहोचेपर्यंत तीनदा थांबावं लागे. त्या दिवसांत मिस्तरी सोडून मी दूधवाल्याशी बोललो, एकदा.

शुक्रवारी मिस्तरीने हात पुसले.

"बाई होत्या तेव्हा कधी बंद पडली होती?"

"नाही."

"एकदाबी नाय?"

"तेव्हा आम्ही सलग जायचो नाही. तिची पाठ दुखायची. दर वीस मिनिटांनी थांबावं लागे."

"थांबून काय करायचे?"

"ती चहा घ्यायची. मी काठी बघायचो."

"कसली काठी?"

गाडीचा पेट्रोलचा काटा फार वर्षांपासून मेलेला आहे. एकदा वणीच्या अलीकडे पेट्रोल संपलं आणि बायकोला नव्या चपला घालून दोन किलोमीटर चालावं लागलं. तेव्हापासून तिचा नियम होता: गाडी थांबली की आधी काठी, मग चहा. काठी वेताची, टाकीत बुडवून पेट्रोल मोजायची, तिच्यावर तिने ब्लेडने पाच खुणा केल्या होत्या. एकटा जाताना मी घरून निघतानाच पेट्रोल मोजत असे. वाटेत काठी बघा म्हणणारं कुणी नव्हतं.

"म्हणजे झाकण उघडायचे तुम्ही," मिस्तरी म्हणाला. "दर वीस मिनिटांनी."

"झाकण उघडल्याशिवाय काठी कशी जाईल?"

तो गाडीच्या मागे गेला, टाकीचं झाकण काढून आणलं आणि उलटं करून उजेडात धरलं. आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. पेट्रोल कमी होत जातं तशी त्यातून टाकीत हवा येते. ती आली नाही तर टाकी आतून ओढून धरते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. गाडी उभी राहिली की फटींतून थोडी हवा शिरते आणि ती पुन्हा चालते. या छिद्रावर राखाडी लुकण होतं, गळक्या नळाला लावतात ते. बोटाने नीट गुळगुळीत केलेलं.

"हे कोणत्या शहाण्यानं केलं?"

मी सांगितलं. पेट्रोलच्या वासाने बायकोला मळमळायचं. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी मीच ते छिद्र बुजवलं होतं. त्यानंतर तिला त्रास झाला नाही. याची नोंद कुठेच नव्हती.

मिस्तरीने खाली पाहिलं. "चांगलं बसलंय," म्हणाला. मग विचारलं, "काढू ना?"

मी लुकणावरून एकदा बोट फिरवलं. मग मी हो म्हणालो. त्याने टोच्याने लुकण उकरलं. ते दोन तुकड्यांत निघालं.

रविवारी सकाळी सात वाजता निघालो. अक्राळे फाटा सात अठ्ठावीसला मागे पडला. गाडीत पेट्रोलचा वास येत होता. दिंडोरीत थांबलो नाही. वणीच्या अलीकडे आमची नेहमीची चहाची टपरी आहे, तिथे सव्वाआठला गाडी उभी केली. टपरीवाल्याने दोन कप मांडले, शेजारच्या सीटकडे पाहिलं आणि एक कप परत ठेवला.

चहाच्या आधी झाकण उघडलं. पूर्वी यायचा तसा हवा आत ओढली जाण्याचा आवाज आला नाही. काठी टाकली. तिसऱ्या खुणेपर्यंत ओली होती.

कळवणला नऊ वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. मेहुणे दारात उभे होते.