गुलाबी भुकटी

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिथे खिडक्या नाहीत आणि बारा महिने एकाच मापाची हवा असते, तिथे तो एकवीस वर्षं उंदीर सांभाळत होता. पिंजरे धुवायचे, लाकडाचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, रोज सकाळी एकेकाला शेपटीला धरून तराजूवर ठेवायचं. सगळी संस्था त्याला उंदीरमामा म्हणायची. त्याला राग येत नसे. ना बायको, ना पोरंबाळं, ना भाचरं; मामा म्हणणारं दुसरं होतं कोण?

होती ती एक धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची, हा एकोणीसचा. वेणी घालायला शिकून त्यानंच तिला शाळेत धाडली होती. आता ती दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत शिवणकाम करायची. गेली सहा वर्षं तिचं मोठं आतडं आतून सोलवटलेलं होतं. दिवसातून दहा-बारा वेळा संडास, त्यात रक्त. तिचं लग्न मोडलं ते यापायीच; सासरच्यांनी कारण मात्र भलतंच सांगितलं. गोळ्यांनी दुखणं दबायचं, पण त्यांनीच तोंड सुजून भोपळा झालं होतं. "मी आरशाला ओळखत नाही, आरसा मला ओळखत नाही," असं ती हसून म्हणायची. ते हसणं त्याला बघवत नसे.

त्या वर्षी संस्थेतल्या मोठ्या बाईंनी नवा प्रयोग काढला. उंदरांना पाण्यातून एक रसायन द्यायचं, म्हणजे त्यांची आतडी सुजतात. मग निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांना लॅक्टोफेरिन पाजायचं. पिवळ्या चिठ्ठीवाल्यांना नुसतं पाणी. लॅक्टोफेरिन म्हणजे दुधातलं एक प्रथिन. बाळंतिणीच्या पहिल्या चिकात ते सगळ्यात जास्त असतं. बरणीतली भुकटी फिकट गुलाबी होती.

फरक पहिल्यांदा दिसला तो मामालाच. दहाव्या दिवशी भुसा बदलताना पिवळ्यांच्या पिंजऱ्यांत रक्ताचे डाग होते, निळ्यांचा भुसा जवळपास कोरडा. तो धावत जिना चढून वर गेला.

बाईंनी त्याला कधी नव्हे ते खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. "आतड्याच्या भिंतीपाशी आपल्या शरीराचे पहारेकरी असतात. चोर आला की ओरडायचं, हे त्यांचं काम. पण कधीकधी ते बिथरतात, चोर नसतानाही ओरडत सुटतात आणि आपल्याच घराला आग लावतात. हे प्रथिन जंतूंच्या तोंडचं लोह काढून घेतं आणि पहारेकऱ्यांनाही शांत करतं. असं आम्हाला वाटतंय."

"माणसालाही लागू पडेल का हो?"

"माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे, मामा. त्याला अजून कित्येक वर्षं जातील."

प्रयोग संपला तसे सगळे उंदीर मारले, आजारी ते आणि बरे झालेलेही; आतडी कापून पाहिल्याशिवाय कागदावर काही चढत नाही. मारायचं काम मामाचंच. शेवटी बाई म्हणाल्या, "उरलेली भुकटी टाकून दे."

त्यानं ती टाकली नाही.

बहीण रोज सकाळी चिमूटभर भुकटी पाण्यातून घेऊ लागली. गोळ्या चालूच होत्या, आणि नेमकं त्याच सुमारास दुखणं निवलं. दोन महिन्यांनी ती खुलून म्हणाली, "दादा, आज मी बाजारात जाऊन आले. संडास कुठंय ते कुणाला न विचारता!" मग जरा थांबून म्हणाली, "आता त्या मेल्या गोळ्या सोडू का रे?"

नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्या गालांवरची सूज आणि तिचा तो आनंद बघून त्याची जीभ रेटेना. "हळूहळू कमी करून बघ," तो म्हणाला.

पाचव्या आठवड्यात आग भडकली. त्यानं तिला उचलून इस्पितळात नेलं तेव्हा चादर रक्तानं भिजली होती. आतडं फाटायच्या बेतात होतं. सर्जननं ते पुरतं काढलं आणि पोटाला भोक पाडून पिशवी लावली, जन्माची.

"गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?" सर्जननं विचारलं.

मामा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. बहिणीनं डोळे न उघडताच उत्तर दिलं, "कुणी नाही. माझी मीच."

त्यापेक्षा तिनं चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंपुढे सगळं ओकून टाकलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "हे आणखी कुणाला सांगितलंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "आता कशी आहे ती?" हा दुसरा.

त्याची बदली काचेची भांडी धुण्यावर झाली. बाईंचा शोधनिबंध छापून आला, सत्कार झाला. शेवटच्या पानावर "प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांचे आभार" अशी एक ओळ होती.

बहीण पुन्हा शिवायला बसली. पिशवी झाकेल असे सैल झगे तिनं स्वतःसाठी बेतले. भाऊ आला की चहा टाकायची. जिव्हाळ्याचं मात्र काही बोलायची नाही. चार वर्षं अशीच गेली.

मग एके दिवशी ती मशीन थांबवून म्हणाली, "तुझ्या बाईंचं पेपरात आलंय. आता माणसांवर करून बघणार म्हणे. आजारी माणसं हवीत त्यांना."

"हो."

"मला घेतील?"

अर्जाचा कागद त्यानं सकाळीच वाचला होता. मोठं आतडं काढलेल्यांनी अर्ज करू नये, असं तिसऱ्याच ओळीत छापलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "आतडं लागतं."

तिनं मान हलवली. "लागणारच," म्हणाली, आणि अर्धवट राहिलेली बाही सुईखाली सरकवली. चहाचं तिनं त्या दिवशी विचारलं नाही.