खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिच्यापासून तर बाहेर खाल्लेली भजीसुद्धा लपत नाहीत.

जळगाव जामोदला बसस्टँडच्या मागे माझा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क टकटक करू लागली, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं बजावलं होतं, "सगळं दुसरीकडं उतरवून घे. तोवर बंद नको करजो. एकदा थांबली का मंग उठत नाई हे." मी हो हो म्हटलं. उद्या करू, परवा करू — तुम्हीही असंच म्हणता ना?

त्या डिस्कमध्ये सविताच्या लग्नाचा व्हिडिओ होता. सविता लग्नानंतर वर्षभरातच काविळीनं गेली. अल्बम, पेनड्राइव्ह सासरी राहिले, ते परत आलेच नाहीत. म्हणून तिची आई, वच्छलाकाकू, दर बाजाराच्या दिवशी दुकानात यायच्या. भाजीची पिशवी पायाशी ठेवून लेकीला बघत बसायच्या.

मग खंडेनवमी आली. वडिलांपासूनची रीत — त्या दिवशी कॅमेरे, लाइट, सगळं पुसायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर आराम द्यायचा. कॉम्प्युटर तेवढा चालू ठेवावा का? दुरुस्तीवाल्याचं बोलणं आठवत होतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण चालत्या यंत्राची पूजा कशी करायची? केला बंद. हार घातला. टकटक थांबली आणि दुकान इतकं गप्प झालं, की भरदुपारी अंगावर काटा आला.

दसऱ्याला बटण दाबलं. पडदा काळाच राहिला.

काकूंना मी सांगितलं, डिस्क जुनी होती, आपोआप गेली. "बसू दे थोडं," म्हणाल्या आणि त्या काळ्या पडद्यासमोर बसल्या. सविता जिथं हसायची तिथं हसल्या. ती मांडवातून वळून बघायची, तिथं पदर डोळ्यांना लावला. सगळं जिथल्या तिथं — तो व्हिडिओ मीच कापून जोडला होता, मला कळणार नाही? पडद्यात काकूंचाच चेहरा दिसत होता. त्यांचाच ना? मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही.

उठताना त्यांनी विचारलं, "म्या घडीघडी पाह्यलं म्हणून झिजलं काय रे भाऊ?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता — मग कशानं? मी मान हलवली. हो म्हणून.

परवा रेशनकार्डाचे फोटो द्यायला त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर सविताचा फोटो असायचा, घरातला एकुलता एक. तिथं नुसता खिळा होता. विचारलं.

"पेटीत ठेवला, फडक्यात बांधून. आता पाहत नाई मी त्याले. झिजन नं तो."

तेव्हाही सांगता आलं असतं. काकूंनी चहा केला होता. तो पिऊन मी परत आलो.