सर्प द्रेष्काणाची मुलगी

दोन स्थळं एकाच कारणाने मोडली, तेव्हा रहाटणीच्या मिनलने रडत बसण्याऐवजी चिंचवडच्या ज्योतिषवर्गात नाव घातलं. आठवडाभर चाकणच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचं आणि रविवारी वर्गात पुढच्या बाकावर जाऊन बसायचं. स्थळं मोडण्याचं कारण होतं पत्रिकेतला ‘सर्प द्रेष्काण’. राशीचे तीन भाग पाडले की एकेक भाग म्हणजे द्रेष्काण. मिनलचं जन्मलग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा बिंदू, नेमकं सापाच्या भागात पडलेलं. अशी सून घराला बाधते, म्हणे.

त्या शब्दाचा माग काढत ती पार इजिप्तपर्यंत पोचली. तिथल्या पुजाऱ्यांनी ताऱ्यांचे छत्तीस गट केले होते. दर दहा दिवसांनी नवा गट पहाटे उगवायचा, आणि रात्री किती वेळ सरला ते त्यांच्यावरून कळायचं. पुढे ग्रीकांनी ते गट राशींत बसवले, आणि तिकडूनच हा शब्द आपल्याकडे आला, असं अभ्यासक म्हणतात.

“आई, हे तर घड्याळ होतं गं! घड्याळाला कुणी भितं का?”

“तुझा इजिप्त सासरच्यांना सांग,” गिरजाबाई भाकरी थापत म्हणाल्या. “मला काय सांगतीस?”

तिसरं स्थळ आलं धनेशचं. तो मिनलला मनापासून आवडला होता. बैठकीत त्याचे मामा, उद्धवराव, पत्रिका मिटून हळूच म्हणाले, “ताई, जन्मवेळ वीस मिनिटं पुढं घ्या. साप जातोय. सगळेच करतात.”

गिरजाबाईंचा जीव भांड्यात पडला. “घेऊ की!”

“नाही घ्यायची,” मिनल म्हणाली.

“पोरी, तुझ्याच भल्याचं सांगतोय.”

“धनेश, तुझं काय म्हणणं?”

धनेशने कपात बघितलं. “मामा म्हणतात तसं केलं, तर विषय मिटेल.”

“तुमचा मिटेल. उद्या घरात कुणाला ठेच लागली तरी मला ही खोटी वेळ आठवेल. जन्मभर चोरासारखी नांदू? साप आहे तर आहे. ज्याला चालत नाही, त्याने चहा घ्यावा आणि निघावं.”

ते चहा अर्धा टाकून निघाले. गिरजाबाई दिवसभर भांडी आपटत राहिल्या.

संध्याकाळी उद्धवरावांचा फोन आला. “ताई, मुलाचं मन आहे हो. वीस नको, पंधरा मिनिटांत बसतंय का बघा.”

गिरजाबाईंनी लेकीकडे पाहिलं. ती पाठ फिरवून कपडे घड्या करत होती, पण हात थांबले होते.

“उद्धवराव,” त्या म्हणाल्या, “बाळंतीण मी होते. वेळ मला ठाऊक हाय. मिनिटभर बी सरकायची न्हाई.”