टाकीमागचा कचरा

शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या वर्षी दोन मुलांना कावीळ झाली. मुलं म्हणजे तेवीस-चोवीसची, नोकरी करणारी. सोसायटीने तातडीची मीटिंग घेतली आणि पाच मिनिटांत निदान केलं : पाणी. कावीळ हा आपल्याकडचा अत्यंत सोज्वळ आजार आहे. ती टँकरमधून येते, उसाच्या रसातून येते, पाणीपुरीवाल्याच्या हातातून येते. थोडक्यात, नेहमी दुसऱ्याकडून येते. कावीळ ही एकच नसते, तिचा एक प्रकार रक्तातून पसरतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण मी नुसता सेक्रेटरी. बोलायचं काम चेअरमनचं.

त्यांनी टाकीसफाईचा सोहळा केला. गच्चीवर नारळ फुटला. ‘शुद्ध जल, स्वस्थ परिवार’ असा बॅनर लागला, त्यावर पाण्यापेक्षा चेअरमन जास्त होते. भाषण झालं, फोटो झाले, आणि पाणी उपसायची वेळ आली तेव्हा सगळे खाली गेले. राहिलो तिघं : टाकी धुणारा, मी आणि माझ्या समोरच्या फ्लॅटमधला मुलगा. बॅटरी धरायला तो आपणहून आला होता. हा मुलगा आईच्या सांगण्यावरून साधी कोथिंबीर आणायला जात नसे. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

टाकीच्या मागच्या बाजूला हात घालून धुणाऱ्याने मिठाईचा एक खोका ओढून काढला. आत एक सिरिंज, वाकलेली सुई, काळा पडलेला चमचा आणि कापूस.

“साब, ये भी फेंकना है क्या?”

मी मुलाकडे पाहिलं. तो बॅटरी खोक्यावर धरून होता, भर दुपारी.

“फेंक दो,” मी म्हणालो.

धुणारा टाकीत उतरल्यावर मुलगा हळूच म्हणाला, “काका, आईला नका ना सांगू.”

“ते दोघं पण?”

“हं.”

“आणि सुई?”

“एकच होती. म्हणजे… कोण आणायला जाणार सारखं? मेडिकलवाला ओळखतो ना पप्पांना.” मग घाईने, “परवा शेवटचं, काका. आता बंद. आईशप्पथ.”

“डॉक्टरकडे जाऊन ये एकदा.”

“मला कुठे काय झालंय? बघा ना डोळे.” त्याने खालची पापणी ओढून दाखवली. डोळे पांढरेस्वच्छ होते.

त्या क्षणी मी स्वतःला फार समजूतदार वाटलो. तमाशा न करणारा, तरुणांवर विश्वास टाकणारा माणूस. संध्याकाळी रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘टाकी धुण्यात आली. टाकीमागील कचरा काढण्यात आला.’ पुढच्या मीटिंगमध्ये ते वाचलं गेलं आणि टाळ्या पडल्या.

दोन महिन्यांनी वहिनींनी, म्हणजे त्याच्या आईने, आमची बेल वाजवली.

“भाऊजी, याचे डोळे पिवळे झालेत हो. टाकी तर नीट धुतली होती ना तुम्ही?”

“धुतली होती.”

“मग कसं काय?”

त्या दारात उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या. मला अजून ती वाट पाहणारी मान दिसते, एका बाजूला जराशी कललेली. मी म्हणालो, “बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.”

“तेच तर! त्या स्टेशनबाहेरच्या चायनीजला आग लावली पाहिजे.” एवढं बोलून त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, हे जास्त वाईट.

त्या त्याला नवघरला एका म्हाताऱ्या बाईकडे घेऊन गेल्या. ती काविळीची माळ घालते. दोऱ्यात गुंफलेल्या काटक्यांची ती छोटीशी माळ डोक्यावर ठेवायची. ती आपोआप वाढत गळ्यात येते, छातीवर उतरते, आणि माळ उतरेल तशी कावीळ उतरते. काटक्या सुकून दोरा सैल पडतो एवढीच त्यातली गंमत. हेही मी वाचलं होतं. वाचून काय काय उपयोग होतो माणसाला!

चौथ्या दिवशी माळ पोटापर्यंत आली. वहिनींनी मला बोलावून दाखवली. तो सोफ्यावर बसला होता, हळदीच्या रंगाचा, गळ्यात ती माळ. माझ्याकडे बघून हसला. “उतरतेय, काका.” ते हसणं आमच्या दोघांपुरतं होतं. मी तेव्हाही बोलू शकलो असतो.

आठव्या दिवशी तो असंबद्ध बोलायला लागला, आईला ओळखेना. वडील कामासाठी वापीला होते, म्हणून हॉस्पिटलमध्ये मी बरोबर गेलो. डॉक्टर मुलगीच होती, त्याच्याहून चारपाच वर्षांनी मोठी. तिने रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, “हा सुई घेत होता का? नशेची?”

“छे हो,” वहिनी जवळजवळ हसल्या. “इंजेक्शनला लहानपणापासून घाबरतो तो.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं.

“टाकीमागे सुई सापडली होती,” मी म्हणालो. “तिघं मिळून एकच वापरत होते.”

“कधी सापडली?”

“टाकी धुतली तेव्हा.”

“तेव्हाच आला असता तर लस देता आली असती. बाकीच्या दोघांच्या घरी आजच कळवा. घरच्यांच्याही तपासण्या करायला लागतील.” ती पटकन आत गेली. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तो पाच दिवसांनी गेला. बाकीच्या दोघांच्या दारात मी उभा राहिलो, सगळं सांगितलं. एकाच्या वडिलांनी दार लावून घेतलं, दुसऱ्याच्या आईने पाणी विचारलं. दोघांची तपासणी झाली. आता ते बरे आहेत, असं ऐकतो.

आमच्या मजल्यावर मराठी बोलणारी दोनच घरं, त्यांचं आणि आमचं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी, वॉचमनशी, वरच्या मजल्यावरच्यांशी आम्ही सगळेच हिंदी बोलतो. दार उघडून समोर पाहिलं की मराठी. परवा लिफ्टपाशी वहिनी भेटल्या. मी दार धरून ठेवलं.

“आप जाइए,” त्या म्हणाल्या. “मैं बाद में आऊंगी.”