माझी फुंक, अकरा नावं

मी ओरडून पोट भरते. छातीच्या दवाखान्यात श्वासाची तपासणी करणारी माणसं असतात, त्यांतली मी एक. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग ओरडायचं, "फूँको! फूँको! और, और, छोडना नहीं!" पेशंट सहा सेकंद फुंकतो, आणि मी ते सहा सेकंद त्याच्यापेक्षा जास्त जोर लावते. सुरुवातीला बाहेर बसलेल्या एका मावशीने शिपायाला विचारलं होतं, "अंदर किसको मार रहे हैं?" हिंदीत ओरडते, गुजरातीत ओरडते आणि खानदेशातलं माणूस आलं की अहिराणीत. घरच्या भाषेत माणूस जास्त फुंकतो, हा माझा अनुभव आहे. पुस्तकात नाही तो.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, त्यावर या कामाचा कोर्स केला. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? आप्पा सुरतेच्या बमरोलीत लूमवर, आई घरी साड्यांना लेस लावायची. माझ्या सहीचा कागद डॉक्टर वाचतात, हे आप्पा चहाच्या टपरीवर अनोळखी माणसालाही सांगायचे.

पर्वत पाटियाजवळच्या एका तपासणी केंद्रात मला पहिली नोकरी लागली. मालक स्वतः छातीचे डॉक्टर. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही. खरं शिकवलं त्यांनीच. फुंकेचा ग्राफ कसा वाचायचा, कोण मनापासून फुंकतोय आणि कोण नाटक करतोय हे कसं ओळखायचं, दम्याची रेघ मधेच पोटात का खचते. म्हणायचे, "हर आदमी का ग्राफ अलग. अक्षर जैसा."

सकाळी पहिला पेशंट यायच्या आत यंत्र बरोबर चालतंय का ते बघायचं असतं. आधी मापाच्या मोठ्या पिचकारीने हवा सोडायची, मग स्वतः फुंकायचं. तंत्रज्ञाची छाती रोज तीच असते. आकडा बदलला तर दोष यंत्राचा. मी रोज तीनदा फुंकायची. दोन लिटर नव्वदच्या आसपास. माझ्या ग्राफला उतरताना एक बारीक खाच पडते, जन्मजात असेल. सर हसायचे, "ये देखो, मॅडम आ गई."

आमचं केंद्र कारखान्यांतही जायचं. कामगारांची वर्षाची तपासणी असते, तिथे यंत्र आणि लॅपटॉप घेऊन मी. एका दिवसात साठ-सत्तर माणसं. एकदा सर म्हणाले, "इतक्या कागदांवर कुठे सह्या करत बसशील? तुझी सही स्कॅन करून टाकू. रिपोर्टवर आपोआप येईल." मला तर अंगावर मूठभर मांस चढलं. एका कोऱ्या कागदावर पाच वेळा सही केली आणि त्यातली सगळ्यात देखणी निवडून दिली.

होळीच्या आधी एका रंगाई मिलमध्ये कॅम्प होता. तिथे काका कामाला. सख्खे नाहीत. आप्पांच्याच गावचे, आप्पांना सुरतेत आणलं ते त्यांनी. आप्पांना पाळी सोडता येत नव्हती म्हणून शाळेत माझं नाव घालायला हेच काका आले होते. मिलमध्ये ते रंगाच्या पुडीच्या खोलीत, डब्यातून पूड काढून तराजूवर मोजायची. कान हिरवे, नखं लाल, सुट्टीच्या दिवशीही उशीवर रंग उतरायचा.

नळी हातात घेऊन म्हणाले, "काय व माय, माले बी ओरडशी का?"

"तुमच्यावर तर जास्तच."

फुंकले. मी अहिराणीत ओरडले, आख्खी मिल ऐकत होती. तीनदा फुंकले, तिन्ही वेळा मनापासून. तिन्ही वेळा रेघ पोटात खचली आणि शेवटी छातीतून शिट्टी वाजली. मी हळूच सांगितलं, "काका, फुंक कमी आहे. सर बोलावतील तुम्हाला. पुडीच्या कामावरून काढून घडी खात्यात टाकायला लिहितील."

त्यांचा चेहरा उजळला. माणसाला छाती खराब आहे असं सांगितलं आणि तो खूश झाला, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन वर्षं ते खातं बदलून मागत होते. सुपरवायझर म्हणायचा, कागद आण.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही काकांकडे जेवायला गेलो. काकूंनी खापरावरचे मांडे केले होते, रस होता. काका दोन घास खायचे आणि खोकायचे. मी विचारलं, "सरांनी बोलावलं नाही का?"

"कशाले बोलावतीन? मनं तर सगळं चांगलं शे." काका हसले, पण नीट नाही हसले. "सुपरवायझर चार लोकांमा बोलना, काका, तुम तो पहलवान हो, कामचोरी छोडो."

"कोणी सांगितलं चांगलं आहे?"

"तूच. तुनी सही शे ना."

उठून त्यांनी देवाच्या फोटोमागून प्लॅस्टिकची पिशवी काढली. कागद नवाकोरा होता. काकांचं नाव, काकांचं वय, काकांची उंची. निकाल सामान्य. खाली माझी देखणी सही. आणि मधे ग्राफ, त्यात उतरताना एक बारीक खाच.

मी आकडा पाहिला. दोन लिटर एक्क्याण्णव. माझ्यासारख्या बाईची फुंक त्रेपन्न वर्षांच्या बुटक्या माणसाला अगदी बरोबर बसते, कुणाला शंका यायचं कारण नाही. मग वर कोपऱ्यात पाहिलं. तपासणीची वेळ, सकाळी सात दहा. कॅम्प दहाला सुरू झाला होता. सात दहाला मी केंद्रात एकटी उभी राहून स्वतः फुंकत होते. नाव बदललं, वय बदललं, वेळ बदलायची राहिली होती.

"काय व, बरं शे ना?" काकांनी विचारलं.

"जेवा आधी," मी म्हणाले. त्या दिवशी एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आत मी त्या कॅम्पच्या फायली उघडल्या. माझी सकाळची फुंक अकरा नावांवर होती. अकराही जण बुटके, पन्नाशीच्या पुढचे. उंच आणि तरुण लोकांसाठी दुसऱ्या कुणाची तरी छाती वापरली असेल, ती मी शोधली नाही. लॅपटॉपवर काकांची खरी फुंक नव्हती. पण कॅम्पला नेतो त्या छोट्या यंत्राच्या पोटात जुनी नोंद राहते, ती कुणी पुसली नव्हती. तिथून मी काकांचा खरा कागद छापला, पेनने सही केली आणि पर्समध्ये ठेवला.

आणि चार दिवस काही बोलले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. पहिला विचार काकांचा नव्हता. पहिला विचार होता, नोकरी गेली तर आप्पा टपरीवर काय सांगतील. त्या चार दिवसांत काका रोज पूड मोजत होते.

पाचव्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते खमण खात होते. "बैस, बैस. घे."

मी काकांचे दोन्ही कागद टेबलावर ठेवले. त्यांनी पाहिले. घाबरले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त हात पुसले.

"देख बेटा, कॅम्पमधल्या अर्ध्या लोकांना फुंकताच येत नाही. असे कागद दिले तर मिलवाले परत माणसं पाठवणार आहेत का? त्यांना फाइल पूर्ण पाहिजे, बस. दवाखाना थोडी चालवतायत."

"काका नीट फुंकले होते. मी ओरडत होते, सर. मला माहीत आहे."

"तुझे काका आहेत?" सर खरंच हळहळले. "अरे, पहले बोलना था ना! त्यांचा वेगळा करून दिला असता."

हे वाक्य मला आजही झोंबतं. खोटं पकडलं गेल्याचं दुःख नव्हतं त्यांना. मी वेळेवर वशिला लावला नाही, याचं होतं.

मी म्हणाले, "माझी सही काढा त्या कागदांवरून."

आता मात्र त्यांचा आवाज बदलला. "तुझी सही? इथे येण्याआधी कोण विचारत होतं तुझ्या सहीला?"

खरं तर उत्तर होतं. माझे आप्पा विचारत होते, आणि काका, ज्यांनी माझं नाव शाळेच्या वहीत लिहवून घेतलं होतं. पण ते रस्त्यावर आल्यावर सुचलं. केबिनमध्ये मी एवढंच म्हणाले, "उद्यापासून येत नाही," आणि पांढरा कोट खुर्चीवर ठेवला. तो कोट माझ्या पैशाचा होता, हेही नंतर आठवलं.

बाकीच्या दहा जणांपैकी तिघांना मी गाठलं. दोघांनी ऐकून घेतलं. एक म्हणाला, "बेन, कागद अच्छा है तो अच्छा रहने दो, नौकरी है." बाकीचे गावी गेलेले, किंवा खोली बदललेली.

काकांकडे नोकरी सोडली त्याच संध्याकाळी गेले. सगळं सांगितलं, सकाळच्या फुंकेपासून. खरा कागद हातात दिला. काकू चूल विझवून बाहेर आल्या.

"तुले ठाऊक नव्हतं?" काकांनी विचारलं.

"नाही, काका."

"सही तुनी शे."

"ती कॉम्प्युटर लावतो. मला विचारत नाही."

काकांनी स्वतःचा अंगठा वर धरला. जांभळी कड होती त्याला. "मी अडाणी शे. पण मना अंगठा माले धरी नेल्याबिगर कोणी लावत नही."

मी रडले असते तर बरं झालं असतं. आम्ही लिहितो-वाचतो म्हणून आमच्यावर विश्वास, आणि तोच विश्वास मी एका संगणकात ठेवून आले होते, तोही मिरवत. काकांनी खोटा कागद आणि खरा कागद एकावर एक ठेवले. "आते यातला कोणता खरा, मी कसा सांगू? दोन्हीवर तूच."

त्यांनी माझ्यावर राग धरला नाही. राग चालला असता.

आप्पांनी मध्ये पडून त्यांना सरकारी दवाखान्यात तपासणीला तयार केलं. मी सोबत गेले, कारण रांग कुठे लावायची ते मला ठाऊक होतं. तपासणीच्या खोलीपाशी काका वळले. "तू आठेच थांब."

दार अर्धवट लागलं होतं. आतला तपासणी करणारा भाऊ दमलेल्या आवाजात म्हणत होता, "फूंको काका. फूंको." एवढंच. असं कोण फुंकेल? माझ्या घशापर्यंत ओरडणं आलं होतं. मी दोन्ही ओठ दाताखाली धरून भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि काकांची फुंक मोजत राहिले. चार सेकंद. परत चार. तिसऱ्या वेळी शिट्टी बाहेरपर्यंत आली.

काका कागद घेऊन बाहेर आले. मी दोन हातांच्या अंतरावर होते. ते माझ्यासमोरून औषधाच्या खिडकीशी गेले आणि तिथल्या बाईपुढे कागद धरला. "बेन, जरा पढ दो."

तिने चष्मा वर केला. "छाती में तकलीफ है, काका. दम का. पावडर, धूळ, सबसे दूर रहने का लिखा है."

"सही कुनी शे? सही किसकी है?"

"तपासनेवाले भाई की होगी."

काका वळले, परत त्या खोलीपाशी गेले, दार ढकललं. आत पुढच्या पेशंटच्या नाकाला चिमटा लावत असलेल्या त्या भावाला कागद दाखवून त्यांनी विचारलं, "ये तुमने खुद किया?"

तो गोंधळला. "हाँ काका, मैंने ही. अभी तो किया."

"तुम्हारे हाथ से?"

"हाँ, भाई, मेरे हाथ से."

तेव्हा कुठे काकांनी कागदाची घडी घातली.